दोर कुठे बांधायचा?

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून सुटलेली जलद गाडी पाऊण तासाच्या आसपास केंट परगण्यातल्या चॅटमला पोचवते. मेडवे नदीच्या वळणावरचे हे गाव ब्रिटिश आरमाराच्या गोदीवर जगले. सोळाव्या शतकापासून थेट १९८४ मध्ये गोदी बंद होईपर्यंत. नौदल निघून गेले, पण अठराव्या शतकातल्या विटांच्या लांबलचक इमारती जागच्या जागी राहिल्या आणि आज तिकीट काढून त्यांतून हिंडता येते. पुढे आरमारी सेनानी नेल्सनमुळे नावाजलेले ‘व्हिक्टरी’ हे जहाज इथलेच. १७५९ च्या जुलैत त्याच्या तळाचा कणा टाकला गेला आणि १७६५ च्या मे महिन्यात ते पाण्यावर आले. तरीही वाट वाकडी करून चॅटमला यावे ते दुसऱ्याच कारणासाठी. १८०८ मध्ये उभारलेल्या इथल्या लोहारखान्यात २०१० पासून ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाच्या जहाज-प्रतिकृती ठेवल्या आहेत. शिडाच्या युद्धनौकांच्या, त्या नौका समुद्रावर असतानाच घडवलेल्या प्रतिकृती एवढ्या संख्येने जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. अमेरिकेत अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीला १९३५ मध्ये मृत्युपत्राने मिळालेला रॉजर्स-संग्रह हे त्यांपैकी एक.

या काचेच्या पेट्यांपुढून बहुतेक लोक कौतुकाने आणि भराभर पुढे सरकतात. एवढेसे जहाज, एवढ्याशा तोफा, काय हात असेल, असे म्हणून झाले की संपले. प्रतिकृती म्हणजे खेळण्याचा थोर भाऊ किंवा निवृत्त माणसांचा चिकाटीचा छंद, हा समज त्यामागे असतो. मला तो चुकीचा वाटतो. शिडाच्या युद्धनौकेविषयी बोलण्याच्या जेवढ्या रीती आहेत, त्यांत बारकाईने केलेली प्रतिकृती ही सर्वांत निष्ठुर रीत आहे. चित्रकाराला तोफेच्या धुराचा एक लोट काढून अर्धे जहाज झाकता येते. इतिहासकार ‘शिडे चढवली’ या दोन शब्दांत मोकळा होतो. प्रतिकृती करणाऱ्याला ही सवलत नाही. डोलकाठीवरून खाली उतरणारा प्रत्येक दोर कुठल्या ना कुठल्या खुंटीला बांधावाच लागतो, प्रत्येक फळीला रुंदी द्यावी लागते, प्रत्येक झरोक्याला रंग. माहिती असो वा नसो, उत्तर द्यावे लागते आणि ते चारचौघांत मांडावे लागते. म्हणूनच त्यातली चूक बोट ठेवून दाखवता येते, आणि प्रतिकृतीचे मोल मुख्यतः या चूक सापडण्याच्या शक्यतेत आहे.

चॅटमच्या संग्रहातल्या सर्वांत देखण्या वस्तूंना ‘नेव्ही बोर्ड मॉडेल’ म्हणतात. सतराव्या शतकाच्या मध्यापासून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्या होत राहिल्या. प्रमाण बहुधा चार फुटांना एक इंच, म्हणजे १:४८. वरचा भाग फळ्यांनी मढवलेला, कोरीव कामाने नटलेला. पाण्याखालचा भाग मात्र उघडा, बरगड्या दिसतील असा. या प्रतिकृती नौदलाच्या अधिकाऱ्यांकडून नव्या जहाजाला मंजुरी मिळवण्यासाठी केल्या जात, असे दीर्घकाळ सांगितले गेले. अभ्यासक आता तेवढे ठाम नाहीत. काही प्रतिकृती भेट म्हणून, काही मिरवण्यासाठी, काही शिकवण्यासाठी झाल्या असाव्यात. शिकवण्याचा उपयोग तर नोंदलेलाच आहे. नौदलाच्या कारभारात शिरलेला सॅम्युएल पीप्स १६६२ च्या उन्हाळ्यात कूपर नावाच्या खलाशाकडून पाढे शिकत होता आणि त्याच्याच मदतीने प्रतिकृतीवरून जहाजाचे भाग समजून घेत होता.  ‘बेलोना’ या ७४ तोफांच्या जहाजाच्या प्रतिकृतीचा तळ तांब्याच्या पत्र्याने मढवलेला आहे. तळाला तांबे ठोकले तर लाकूड पोखरणारे किडे आणि शेवाळ दूर राहते, हे तिसऱ्या जॉर्ज राजाला पटवण्यासाठी नौदलाचा नियंत्रक चार्ल्स मिडलटन याने ती वापरली असे मानतात. तसे असेल तर आरमारी खर्चाचा एक मोठा निर्णय एका लहानशा लाकडी वस्तूपुढे उभे राहून झाला.

आता पहिला आक्षेप या उघड्या बरगड्यांवरच येतो. त्या खऱ्या नाहीत. नेव्ही बोर्ड मॉडेलमध्ये बरगड्यांचे तुकडे एकाआड एक, मध्ये सारखी पोकळी ठेवून, नक्षीसारखे बसवलेले असतात. गोदीत जहाज असे बांधत नसत. तिथल्या बरगड्या जोडीजोडीने, जवळजवळ भिंतीसारख्या दाट उभ्या केल्या जात. याची साक्ष त्याच गोदीत, काही पावलांवर आहे. १९९५ मध्ये चाके बनवण्याच्या जुन्या कार्यशाळेची जमीन उकलली तेव्हा खाली एका मोठ्या युद्धनौकेची सुमारे अडीचशे लाकडे रचलेली सापडली. ती ‘नेमूर’ची, याच चॅटममध्ये १७५६ साली पाण्यावर उतरलेल्या जहाजाची, हे २०१२ मध्ये जाहीर झाले. १८३३ मध्ये जहाज मोडले गेले आणि त्याची हाडे जमिनीखाली गेली. लाकडावरच्या कारागिरांच्या खुणा अजून वाचता येतात. त्या लाकडांशेजारी प्रतिकृतीतली सुबक जाळी ठेवली तर ती खोटी वाटायला हवी. पण ती वाटत नाही, कारण तिने खरे असल्याचा आव कधी आणलाच नव्हता. त्या काळच्या जाणकाराला ही बरगड्यांची रीत एक संकेत म्हणून ठाऊक होती, जशी नकाशा वाचणाऱ्याला डोंगरासाठी काढलेली रेघांची खूण ठाऊक असते. कारागिराने तळाचा आकार, त्याचा फुगवटा आणि निमुळतेपणा काटेकोर दिला, आणि बरगड्यांची मांडणी दाखवण्याचा आपला हेतू नाही हे तिच्या अति-नीटसपणातूनच सांगून टाकले. अज्ञान लपवणे आणि एखादा भाग उघडपणे वगळणे यांत फरक आहे, आणि पुढच्या सगळ्या प्रवासात तो उपयोगी पडतो.

चॅटम सोडण्यापूर्वी दोरखान्यात जायला हवे. १,१३५ फूट लांबीची ही इमारत अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधली, आणि तिथे आजही दोर वळला जातो. दोराची लांबी कारखान्याच्या लांबीवर ठरते, म्हणून ही इमारत अशी न संपणारी. ‘व्हिक्टरी’ला सुमारे २६ मैल दोर लागत असे. नांगराचा दोर २४ इंच घेराचा, म्हणजे एकोणीस सेंटिमीटरहून जाड. १:४८ प्रमाणात तो चार मिलिमीटरचा होतो. एक इंच घेराची बारीक दोरी त्याच प्रमाणात मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शावर येते. दुकानातला शिवणाचा दोरा इथे चालत नाही, कारण दोराला पीळ असतो आणि पिळाला दिशा असते. तीन पेडांचा साधा दोर एका बाजूला वळलेला, तर तसे तीन दोर एकत्र करून केलेला नांगराचा दोर उलट्या बाजूला. म्हणून जाणकार मंडळी टेबलावर मावेल असा दोरखानाच उभारतात आणि प्रत्येक जाडीचा दोर स्वतः वळतात. कुठे कोणती जाडी, याची कोष्टके डेव्हिड स्टीलच्या १७९४ च्या ग्रंथात जहाजाच्या दर्जाप्रमाणे दिलेली आहेत. पण कोष्टकाने सगळे सुटत नाही. जहाज लहान करता येते, निसर्गाचे नियम नाही. खऱ्या जहाजावरचा सैल दोर स्वतःच्या वजनाने झोळीसारखा लोंबतो. बारीक सूत मात्र आपल्या ताठपणामुळे वेडेवाकडे राहते, त्याला ओलावून, वजने टांगून, कधी डिंक लावून लोंबायला शिकवावे लागते. ओकच्या लाकडाच्या रेषा एवढ्या लहान मापात राक्षसी दिसतात, म्हणून ओकचे जहाज पेअर किंवा बॉक्सवुडसारख्या घट्ट, रेषा न दिसणाऱ्या लाकडात करतात. शिडाचे कापड मिलिमीटरभर जाड धरले तरी प्रमाणात ते कागदाच्या कितीतरी पट पातळ हवे, आणि असे कापड विणले जात नाही. त्यामुळे कित्येक उत्तम प्रतिकृतींवर शिडे नसतात. दाखवायचे तर खरे, नाहीतर नको, असा हा हट्ट आहे.

लंडनच्या वॉटर्लूहून निघालेली गाडी पोर्ट्‌स्मथ हार्बरला उतरवते ती गोदीच्या दारातच. १९२२ पासून ‘व्हिक्टरी’ इथल्या कोरड्या गोदीत उभे आहे. अस्सल जहाज समोर असताना प्रतिकृतीची गरज काय, हा दुसरा आक्षेप इथे आपोआप सुचतो. पण समोर आहे ते कोणते ‘व्हिक्टरी’? १७६५ मध्ये त्याच्या नाळेवर राजाच्या अर्धपुतळ्याभोवती आकृतींची दाटी असलेले भव्य शिल्प होते आणि मागच्या बाजूला उघडे सज्जे होते. १८०३ मध्ये संपलेल्या मोठ्या दुरुस्तीत सज्जे बंद झाले आणि शिल्पाच्या जागी दोन बालकांनी धरलेले साधे राजचिन्ह आले. नेल्सनने १८०५ ची ट्रफॅल्गरची आरमारी लढाई या बदललेल्या जहाजावरून लढली. विसाव्या शतकाच्या विशीत ते ट्रफॅल्गरच्या वेळच्या रूपात परत नेण्याचा प्रयत्न झाला. त्याच्या पोटावरचे पिवळे पट्टे नंतर कित्येक पिढ्यांनी पाहिले, पोस्टकार्डांवर छापले, प्रतिकृतींवर रंगवले. मग रंगांचे थर तपासले गेले आणि १८०५ चा रंग तो पिवळा नसून फिकट, किंचित गुलाबीकडे झुकणारा होता असे निघाले. २०१५ मध्ये जहाज नव्याने रंगवले गेले. मूळ लाकडापैकीही आता थोडेच उरले आहे आणि २०२२ पासून नवी प्रदीर्घ दुरुस्ती सुरू आहे. थोडक्यात, अस्सल जहाज हे अनेक वर्षांचे एकत्र गाठोडे असते. प्रतिकृतीला मात्र एक वर्ष निवडावे लागते. नेपियन लाँगरिज याने १:४८ प्रमाणात ‘व्हिक्टरी’ घडवले आणि त्या कामावर १९५५ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिले. ते आजही या क्षेत्रात हाताशी ठेवले जाते. नंतरच्या संशोधनाने त्याचे काही तपशील जुने ठरवले. पण ते जुने ठरवता आले, कारण त्याने तपशील दिले होते.

लेझरने जहाजाचा कणन्‌कण मोजता येतो, संगणकावर जहाज आतून-बाहेरून फिरवता येते, मग लाकूड तासत कशाला बसायचे, असे आज विचारले जाते. जहाजांच्या जतनासाठी लेझर-मोजणी फार उपयोगी आहे, यात वाद नाही. पण मोजणी जे आहे ते सांगते. १८०५ मध्ये काय होते ते सांगत नाही. आणि पडद्यावरच्या जहाजात दोन फळ्या एकमेकींतून आरपार गेल्या तरी संगणकाला त्याचे दुःख नसते. लाकडात ते चालत नाही. नाळेपाशी फळ्या कशा वळवल्या, तिथे कुठली फळी निमुळती करून दुसरीत मुरवली, हे हाताला कळते, कारण न जमल्यास फळी मोडते. जहाजबांधणीच्या लेखी नोंदींत अशी कितीतरी गृहीतके आहेत जी लिहिणाऱ्याला सांगण्याजोगी वाटली नाहीत, आणि ती लाकूड हातात घेतल्यावरच प्रश्न म्हणून उभी राहतात.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे. प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावेच लागत असेल, तर अंदाज आणि माहिती सारख्याच चकचकीत दिसणार. काचेपलीकडे उभ्या माणसाला कळणार कसे की ही खुंटी पुराव्यावर बसली आहे आणि ती शेजारची केवळ रिकामी जागा भरायला? हे खरे आहे, आणि स्टॉकहोमच्या ‘वासा’ने ते ठळक दाखवले आहे. १६२८ च्या ऑगस्टमध्ये पहिल्याच सफरीत बंदरात बुडालेले हे जहाज १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर आले. इतके लाकूड हाती असूनही रंग मात्र धुऊन गेला होता. बरीच वर्षे ‘वासा’ची कल्पना निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी शिल्पे अशी केली जाई. पुढे लाकडात अडकलेल्या रंगकणांची तपासणी झाली तेव्हा पार्श्वभूमी लाल आणि शिल्पे नाना रंगांची असल्याचे दिसले. आज संग्रहालयात काळसर जहाजाशेजारी १:१० प्रमाणातली रंगीत प्रतिकृती उभी आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती भडक, जत्रेतली वाटते, आणि नेमके तेच तिचे काम आहे: सतराव्या शतकातल्या राजाला काय आवडत असे, याविषयीची आपली सोज्वळ समजूत ती मोडते. निळी कल्पना चुकीची होती, पण ती धूसर नव्हती, म्हणून प्रयोगशाळेतल्या निष्कर्षाला ती बाजूला सारता आली. आक्षेप याने संपत नाही. त्यावर उपाय आहे तो नेव्ही बोर्डच्या कारागिरांचाच: जे ठाऊक नाही ते उघडे ठेवा. आजचे काही जण जहाजाची एक बाजू फळ्यांविना सोडतात, डोलकाठ्या खालच्या टप्प्यापाशीच थांबवतात. अपुरे वाटणारे हे काम बहुतेकदा अधिक इमानदार असते. दिवाणखान्यासाठी केलेली, पेटीतल्या तयार तुकड्यांतून जुळवलेली सगळी ‘व्हिक्टरी’ मात्र या आक्षेपाखाली सापडतात, आणि त्यांची बाजू घेण्याची मला इच्छा नाही.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून उत्तरेकडे जाताना वाटेत पीटरबरो लागते. जवळच्या नॉर्मन क्रॉसला १७९७ पासून नेपोलियनच्या काळातल्या युद्धकैद्यांची छावणी होती. जेवणातल्या मांसाची हाडे उकळून, तासून कैद्यांनी त्यांतून जहाजे केली आणि ती छावणीच्या दारातल्या बाजारात विकली. पीटरबरोच्या संग्रहालयात त्यांच्या हस्तकलेचा मोठा साठा आहे. अशा हाडी जहाजांत मागून दोरी ओढली की तोफा आत-बाहेर होतात अशी युक्तीही आढळते. हात थक्क करणारा. पण डोलकाठ्या बहुधा गरजेपेक्षा उंच, शिल्पे बोजड, आणि नाव गिऱ्हाईक पाहून घातलेले. तपशील भरपूर असणे आणि तपशील खरा असणे या दोन गोष्टी आहेत, हे इथे लख्ख दिसते. तरीही ही जहाजे दुसऱ्या एका बाबतीत बोलकी आहेत. काचेतली युद्धनौका युद्ध धुऊन काढते, हा आरोप मला रास्त वाटतो. ट्रफॅल्गरला ‘व्हिक्टरी’वर ८२१ माणसे होती, ५७ मेली, १०२ जखमी झाली. १:४८ मध्ये माणूस साडेतीन सेंटिमीटरचा होतो, आणि बहुतेक कारागीर त्याला जहाजावर चढवतच नाहीत. माणसे घातली की जहाज बाहुल्यांचे घर दिसते, हे त्यांचे उत्तर कलेच्या अंगाने ठीक, पण इतिहासाच्या अंगाने लंगडे. हाडाच्या जहाजावरही माणूस नसतो. फक्त तिथे तो कैदी, त्याची भूक आणि त्याचा रिकामा वेळ वस्तूच्या सामग्रीतच उतरलेला आहे.

गाडी पुढे ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूलला जाते. तिथल्या गोदीत ‘ट्रिंकोमाली’ तरंगते आहे. तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत सर्वांत जुनी, आणि जन्माने मुंबईकर. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून ती बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली. तिचे आराखडे ‘जावा’ या जहाजातून मुंबईला निघाले होते. १८१२ च्या डिसेंबरअखेर ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला हरवले आणि कागद तिथेच संपले. नकला पुन्हा पाठवाव्या लागल्या. आराखड्याचे मूळही उसनेच: फ्रेंचांकडून जिंकलेल्या ‘हेबे’वरून इंग्रजांनी ‘लेडा’ वर्ग बेतला, आणि त्यावरून हे. म्हणजे फ्रेंच आकार, इंग्रजी कागद, पारशी हात आणि केरळचे लाकूड. मूळ सागवान अजून निम्म्याहून अधिक शाबूत आहे. पण प्रतिकृती करायला बसणाऱ्याला इथेही प्रश्न सुटलेला नाही. पोर्ट्‌स्मथला पोचल्यावर जहाज पाव शतक काम न करता पडून राहिले. १८४५ ते १८४७ मध्ये त्याच्या ४६ तोफा २६ वर आणल्या गेल्या आणि सपाट पिछाडी काढून गोलाकार बसवली गेली. जमशेटजींनी बांधलेले जहाज हवे असेल तर हार्टलपूलच्या जहाजाची पाठ नक्कल करून चालणार नाही. तिथे आराखड्याकडे जावे लागेल आणि मुंबईच्या कारागिरांनी त्यात आपल्या पद्धतीने काय बदलले याचा माग काढावा लागेल.

याच मापाने आपल्याकडच्या मराठा गुराबांच्या प्रतिकृतींकडे पाहिले पाहिजे. आंग्र्यांच्या आरमारातल्या जहाजांचे बांधणीचे आराखडे आपल्या हाती नाहीत. परक्यांची चित्रे आणि वर्णने आहेत. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने अठराव्या शतकात गुराबेचे बऱ्यापैकी वर्णन केले: दोन, क्वचित तीन डोलकाठ्या, दीडशे ते तीनशे टन, पुढे निघालेली लांब सोंड आणि तिच्यावरून थेट पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आत, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. एवढ्यावर जहाजाचा बाह्याकार आणि तोफांची जागा मांडता येते. दोर कुठल्या खुंटीला जातो, पाण्याखालचा आकार नेमका कसा, कोरीव काम होते की नव्हते, हे त्यातून मिळत नाही. प्रदर्शनांत दिसणाऱ्या गुराबा मात्र शेंड्यापासून तळापर्यंत पूर्ण, रंगीत आणि दोरांनी भरलेल्या असतात. कित्येकदा त्यांच्यावर वर्ष नसते, प्रमाणही नसते. १:४८ ची, अमुक वर्षाची असे लिहिलेली, ऑर्मच्या शब्दांपुरती सोंड, डोलकाठ्या आणि तोफा पक्क्या केलेली, बाकी दोर न चढवलेली आणि तळ फळ्यांविना ठेवलेली गुराब कुणीतरी करायला हवी. कोकणच्या वाड्यांवर पिढीजात होड्या बांधणारे सुतार आहेत. फळी कुठे मोडते हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे, आणि उघड्या ठेवलेल्या तळाविषयी पहिली हरकत बहुधा त्यांच्याकडूनच येईल.